बुंध्यासमोरचे बाक

मावशी साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आली. पहिल्या महिन्यात नायगारा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा हे सगळं यथासांग उरकलं. मग एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, "हे सगळं आमच्या शेजाऱ्यांच्या अल्बममध्ये आधीच आहे गं. ज्याचा फोटो आमच्या गल्लीत कुणाकडे नाही असं काहीतरी दाखव."

"भुतांचं गाव चालेल?"

मावशीने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दाभोलकर साताऱ्याचेच, त्यामुळे त्यांच्या सभा तिने पुढच्या रांगेत बसून ऐकलेल्या. काका दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं, नातेवाइकांची कुजबुज सुरू असताना. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "चालेल की. विचारते त्यांना, व्हिसा कसा मिळाला म्हणून."

गावाचं नाव लिली डेल. न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिमेच्या कोपऱ्यात, कॅसाडागा तळ्याच्या काठावर. बारमाही वस्ती तीनशेच्याही आत. पण जून संपताना दारं उघडली की सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत वीस हजारांवर माणसं येऊन जातात, गेलेल्यांशी बोलायला. १८७९ पासून हे चाललंय. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि उत्साहही नव्हता. आम्ही दोघीच निघालो.

दिवस पहिला: एडिसन ते हाइड्सव्हिल, मुक्काम रॉचेस्टर

थेट लिली डेलला जाता आलं असतं, पण कथा जिथे सुरू होते तिथून जायचं मी ठरवलं होतं. सकाळी सहाला धपाटे आणि दही घेऊन निघालो. पाच-साडेपाच तासांनी, वाटेतले चहा धरून थोडं जास्तच, न्यूअर्क नावाच्या गावाबाहेर पोचलो. हे न्यू जर्सीतलं विमानतळाचं न्यूअर्क नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं, ईरी कालव्याकाठचं. त्याच्या शिवेवर हाइड्सव्हिल. गाव असं आता उरलेलंच नाही. मक्याची शेतं, एक तिठा, आणि छताखाली जपलेला एका छोट्या घराचा दगडी पाया.

३१ मार्च १८४८ च्या रात्री या घरात फॉक्स कुटुंबाच्या दोन मुली, मॅगी आणि केट, भिंतीतून येणाऱ्या ठोक्यांशी बोलल्या. एक चौदा-पंधराची, दुसरी अकरा-बारा वर्षांची. मी टाळी वाजवते तसं वाजव, म्हटलं की तितके ठोके यायचे. आईने मुलांची वयं विचारली, बरोबर आली. शेजारी गोळा झाले. ठोक्यांनीच सांगितलं म्हणे, की मी एक फेरीवाला, माझा खून करून मला तळघरात पुरलंय. बस्स. एवढ्या भांडवलावर पुढे दोन खंडांत लाखो अनुयायांचा पंथ उभा राहिला, त्याचं नाव स्पिरिच्युअलिझम.

मावशी पायापाशी खाली बसून दगड बघत होती. उठताना तिचे दोन्ही गुडघे कट्टकन वाजले. मी हसले.

"हसू नकोस," ती म्हणाली. "यातून तर धर्म निघतो."

आणि ते तिने न वाचताच बरोबर ओळखलं होतं. १८५१ साली बफेलोच्या तीन डॉक्टरांनी या बहिणींना तपासून लिहिलं, की हे आवाज गुडघ्याच्या सांध्यातून येतात. पुढे २१ ऑक्टोबर १८८८ ला न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, भरल्या सभागृहात, मॅगीने स्वतःच कबुली दिली आणि बूट काढून पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून दाखवला. केट प्रेक्षकांत बसून बघत होती. वर्षभराने मॅगीने ती कबुली मागे घेतली. दोघी दारूपायी आणि गरिबीपायी संपल्या, केट १८९२ मध्ये, मॅगी १८९३ मध्ये.

"आणि पंथ?" मावशीने विचारलं.

"पंथाला काही झालं नाही."

"होणारच नाही. भांडाफोड झाली म्हणून कुठल्या बाबाचा मठ बंद पडलाय?"

या पट्ट्यात तेव्हा काय हवा होती कोण जाणे. १८२५ साली कालवा झाला, पैसा आला, नवी माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर धर्मजागृतीच्या इतक्या लाटा आल्या की इतिहासकार याला 'होरपळलेला प्रदेश' म्हणतात. पेटायला नवं काही उरलंच नाही. जवळच्या पाल्मायरातून जोसेफ स्मिथने १८३० मध्ये मॉर्मन पंथाचा ग्रंथ बाहेर काढला. आणि हाइड्सव्हिलच्या ठोक्यांनंतर चारच महिन्यांत, जुलै १८४८ मध्ये, इथून तासाभराच्याही आत असलेल्या सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. मला हा योगायोग वाटत नाही. माणसंही तीच होती. रॉचेस्टरचं क्वेकर या ख्रिस्ती पंथातलं दांपत्य एमी आणि आयझॅक पोस्ट यांच्या घरात पळून आलेले गुलाम लपायचे. एमी पोस्ट सेनेका फॉल्सच्या परिषदेत होत्या. आणि फॉक्स मुलींना गावात आणून त्यांच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवला तोही याच घराने.

रॉचेस्टरमध्ये कोरिंथियन हॉल होता, तिथे १४ नोव्हेंबर १८४९ ला पंचवीस सेंटांचं तिकीट लावून ठोक्यांचा पहिला जाहीर प्रयोग झाला. हॉल आता नाही. त्याऐवजी माउंट होप दफनभूमीत गेलो. बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सूझन अँथनी आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस दोघंही तिथे आहेत. सूझनबाईंची कबर अगदी साधी, गुडघ्याएवढा पांढरा दगड. निवडणुकीच्या दिवशी बायका मतदान करून येतात आणि तिथे आपले 'मी मत दिलं' लिहिलेले स्टिकर चिकटवतात. मावशी तिथे बराच वेळ उभी राहिली. बोलली काही नाही, चपला मात्र काढल्या होत्या.

दिवस दुसरा: रॉचेस्टर ते लिली डेल

बफेलोच्या पुढे महामार्ग सेनेका या मूळनिवासी जमातीच्या कॅटरॉगस राखीव भूमीतून जातो. पाच-दहा मिनिटांचा रस्ता, पेट्रोल आणि सिगारेटच्या पाट्या. मी मुद्दाम इथे वेग कमी केला, कारण एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासात खटकते. एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या मीडियमांच्या, म्हणजे मृतात्म्यांचे निरोप सांगणाऱ्यांच्या, अंगात येणारे मार्गदर्शक आत्मे फार वेळा 'इंडियन' असायचे. शूर, उदार, निसर्गाचे जाणते. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोल्बी नावाच्या मीडियमच्या आत्म्याचं नावच सेनेका. या सेनेकाने वाट दाखवली म्हणून कोल्बी १८७५ मध्ये फ्लोरिडाच्या जंगलात गेला, आणि १८९४-९५ मध्ये तिथे पंथाची हिवाळी छावणी उभी राहिली. तिचं नावही इथल्या तळ्यावरून कॅसाडागा. थंडीत इकडची मंडळी तिकडे. म्हणजे मेलेला इंडियन वाट दाखवणार, सल्ला देणार, क्षमाही करणार. जिवंत इंडियन महामार्गालगत सिगारेटी विकणार.

"आपण कुठले इंडियन म्हणून सांगायचं दारावर?" मावशीने विचारलं.

डंकर्कला महामार्ग सोडला, द्राक्षांचे मळे ओलांडले, आणि तळ्याला वळसा घालून लाकडी फाटकापाशी आलो. लिली डेलला उन्हाळ्यात तिकीट लागतं. फाटकावरच्या मुलीने दोन पास दिले, नकाशा दिला, आणि गाडी हळू चालवा म्हणाली, गावात म्हातारी माणसं आणि मांजरं फार आहेत.

आत शिरताच मला चुकल्यासारखं झालं. डोक्यात काहीतरी गूढ, काळोखं होतं. प्रत्यक्षात माथेरानचं धाकटं भावंड! अरुंद रस्ते, मेपलची झाडं, एकमेकींना खेटून उभी लाकडी घरं, प्रत्येकीला जाळीचा व्हरांडा, व्हरांड्यात झुलती खुर्ची. काही घरांचा रंग उडालेला, काही जांभळी-गुलाबी. आणि दारादारावर छोटी पाटी: अमुक तमुक, नोंदणीकृत मीडियम. डॉक्टरांची असते तशी.

घरं इतकी खेटून का, याचं उत्तर इतिहासात आहे. ही आधी घरं नव्हतीच, तंबू होते. अमेरिकेत मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे रानातले मेळावे आधीपासून भरायचे. आठवडाभर तंबूत राहायचं, प्रवचनं ऐकायची, रडायचं, गायचं. यादवी युद्धानंतर स्पिरिच्युअलिस्टांनी तोच साचा उचलला. युद्धात सहा लाखांहून अधिक माणसं मेली, पुष्कळांची प्रेतंही घरी आली नाहीत. अशा घरांतून निरोपाची भूक होती. आणि या पंथाला ना चर्च, ना पाद्री, ना पोथी. देऊळ नाही, पुजारी नाही, मग पंथाने एकत्र राहायचं कसं? जत्रेने. मॅसॅच्युसेट्सचं लेक प्लेझंट १८७४ मध्ये सुरू झालं, मेनचं कॅम्प एटना १८७६ मध्ये, ऑनसेट बे १८७७ मध्ये. रेल्वे कंपन्यांनी सहलीच्या गाड्या सोडल्या. सकाळी व्याख्यान, दुपारी मृतात्म्यांचे निरोप, संध्याकाळी बँड, नाच, होडी. मंडळी दरवर्षी त्याच जागी तंबू ठोकू लागली, मग तंबूखाली लाकडी चौथरा आला, चौथऱ्यावर भिंती आल्या. प्लॉट मात्र तंबूएवढाच राहिला. लेक प्लेझंटची बरीचशी घरं १९०७ च्या आगीत जळाली. लाकूड आणि खेटून वस्ती, दुसरं काय होणार.

लिली डेलची कुळकथाही अशीच. १८७३ पासून इथल्या विलर्ड ऑल्डन नावाच्या शेतकऱ्याच्या राईत जूनमध्ये सहली भरत. १८७७ मध्ये पहिला मेळावा झाला. ऑल्डन वारल्यावर जागेवरून कुरबुर झाली, तेव्हा मंडळींनी शेजारीच वीस एकर विकत घेऊन १८७९ मध्ये स्वतःची संस्था केली. १९०३ मध्ये नाव ठेवलं सिटी ऑफ लाइट, ते १९०६ मध्ये बदलून लिली डेल असेंब्ली. आजही घर तुमचं पण जमीन असेंब्लीची, भाडेपट्ट्यावर; आणि घर घ्यायचं तर आधी सभासद व्हावं लागतं. मीडियमची पाटी लावायला परीक्षा असते.

"परीक्षक कोण?" मावशी.

"असेंब्लीचे लोक. त्यांना निरोप सांगून दाखवायचे."

"म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरचा परीक्षक नाही."

१८७९ हे साल मनात ठेवा, कारण त्याच वर्षी या गोष्टीचं एक टोक गिरगावात पोचलं. १८७४ च्या ऑक्टोबरात व्हरमाँटमधल्या चिटेंडनच्या एका शेतघरात मृतात्मे प्रकट होतात म्हणून एक वार्ताहर गेला होता, कर्नल ऑल्कॉट. तिथे त्याला मादाम ब्लाव्हाट्स्की भेटली. पुढच्या वर्षी दोघांनी न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये दोघं मुंबईला उतरून गिरगावात बिऱ्हाड करून राहिली. ब्लाव्हाट्स्कीबाईंचं तोवर साध्या मृतात्म्यांशी फाटलं होतं, त्यांना हिमालयातले महात्मे हवे होते. पण वाट त्याच शेतघरातून निघालेली.

आमचा मुक्काम एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. रात्री कुठेतरी नळ की लाकूड ठकठक वाजत होतं. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही प्लँचेट करायचो ते आठवलं. फरशीवर खडूने अक्षरं, मध्ये पालथी वाटी, तिच्यावर तिघींची बोटं. लोकमान्यांना बोलावून सांख्यिकीचा पेपर कसा येईल ते विचारायचो. वाटी हलायची, शपथ! कोण हलवत होतं ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

दिवस तिसरा: लिली डेल

सकाळी आधी संग्रहालय. १८९० ची एकखोली शाळा आहे ती. पाट्यांवर आपोआप उमटलेली अक्षरं, अंधारात हवेत तरंगायचे ते पत्र्याचे कर्णे, आणि काचेमागे एक पत्र्याची पेटी: त्याच फेरीवाल्याची म्हणे, हाइड्सव्हिलच्या तळघरातली. १९०४ मध्ये तिथे भिंतीमागे हाडंही सापडल्याची बातमी छापून आली होती. मावशीने पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, "पेटी आहे म्हणजे पेटी होती. बाकी काय सिद्ध होतं?"

फॉक्स बहिणींचं घर नंतर इथेच आणलं होतं, १९१६ मध्ये, फळ्या सुट्या करून. २१ सप्टेंबर १९५५ ला ते जळून गेलं. आता त्या जागी एक बाग आहे, एक बाक आहे. एका घराच्या दोन रिकाम्या जागा आम्ही तीन दिवसांत पाहिल्या.

मेपलवुड हॉटेलच्या दिवाणखान्यात डोकावलो. ही इमारत मुळात घोड्यांचा तबेला होती. भिंतीवर एक मोठं चित्र: पांढऱ्या वस्त्रातला दाढीवाला, नाव अझूर. १८९८ मध्ये कॅम्पबेल बंधूंच्या बैठकीत रंग-कुंचला न लावता आपोआप उमटलं असं सांगतात. कॅम्पबेल बंधू हे बंधू नव्हतेच, आडनावंही वेगळी. दोन पुरुषांना एका घरात आयुष्य काढायचं तर 'बंधू' म्हणवून घेणं सोयीचं पडत असणार. मला चित्रापेक्षा ही गोष्ट जास्त खरी वाटली, आणि त्यांना इथे घर मिळालं याचं बरं वाटलं.

या असल्या करामतींचा काळ आता गेला. त्याला मोठा धक्का बसला १९६० मध्ये, इंडियानातल्या कॅम्प चेस्टरफील्डमध्ये. अंधाऱ्या खोलीत आत्मे देह धारण करून येतात, त्याचं चित्रण करायला एक संशोधक आणि एका स्पिरिच्युअलिस्ट नियतकालिकाचा संपादक अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा घेऊन गेले. संपादक स्वतः श्रद्धावान, त्याला पुरावा हवा होता. फिल्म धुतली तर आत्मे झिरझिरीत कापड पांघरून बाजूच्या दारातून आत येताना दिसले. त्याने ते छापलं. मला हा माणूस या सगळ्या इतिहासात सगळ्यांत आवडतो.

मग ग्रंथालय. मेरियन स्किडमोर या संस्थापकांपैकी एका बाईंचं नाव त्याला दिलेलं. या छावण्यांची खरी कमाई इथे कळते. मृत्यूपलीकडचं जाऊ दे, व्यासपीठ बायकांना मिळालं. चर्चमध्ये बाईने बोलायचं नाही असा जमाना. पण बाईच्या तोंडून आत्मा बोलतोय म्हटल्यावर कोण अडवणार? कोरा स्कॉट नावाची मुलगी विशीच्या आत हजारोंच्या सभेत तंद्रीत जाऊन राजकारणावर, विज्ञानावर भाषणं द्यायची.

"आपल्याकडे अंगात येतं तसंच," मावशी म्हणाली. "आमच्या आळीतल्या एका बाईच्या अंगात दर मंगळवारी यायचं. एरवी मान वर करायची नाही. मंगळवारी सासूला अरे-तुरे करायची आणि सासू नारळ घेऊन पाया पडायची. मी दाभोलकरांना विचारलं होतं, तिचं अंगात येणं बंद केलं तर तिला बोलायला दुसरी जागा कोण देणार?"

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, तुम्ही द्या."

इथे ती जागा खरंच दिली गेली. पुढे पुढे आत्म्याचा आडपडदाही लागेना. १८९० च्या दशकात इथे मताधिकाराचे खास दिवस साजरे होत आणि सूझन अँथनी येऊन भाषणं देत. न्यूयॉर्कच्या बायकांना मत मिळायला १९१७ उजाडायचं होतं. सूझनबाईंची एक आख्यायिका गावात सांगतात: मीडियम म्हणाली, तुमच्या आत्याबाई आल्यात. सूझनबाई म्हणाल्या, ती जिवंत असताना मला आवडत नव्हती, आता कशाला? त्यापेक्षा माझ्या मैत्रिणीला, एलिझाबेथ स्टँटनला बोलवा की! खरं-खोटं देव जाणे, पण रॉचेस्टरचा तो साधा दगड पाहिल्यावर खरं वाटतं.

दुपारी एकला बुंध्यापाशी. लिओलिन वूड्स नावाचं जुनं रान आहे, उंच झाडं, खाली ओलसर पालापाचोळा. वाटेत पाळीव प्राण्यांची दफनभूमी लागते. तिथल्या दगडांवर लोकांनी नाणी, खेळणी ठेवलेली. पुढे मोकळ्यावर लाकडी बाकांच्या रांगा, आणि समोर काँक्रीटने बांधून काढलेला, कठड्यात ठेवलेला एका जुन्या झाडाचा बुंधा. इन्स्पिरेशन स्टंप. पूर्वी मीडियम त्यावर चढून बोलायचे, आता शेजारी उभे राहतात. उन्हाळ्यात रोज इथे निरोप सांगतात. दोनशेएक माणसं असतील. पंखे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चष्मा पुसणाऱ्या आज्या. प्रार्थना झाली. मग एकेक मीडियम पुढे येऊन गर्दीतल्या कुणाकडे तरी हात करून विचारायचा, "मी तुमच्याकडे येऊ का?"

पद्धत अशी की मान हलवून भागत नाही, तोंडाने मोठ्याने हो म्हणायचं. आवाज हवा असतो. हे मला सुरुवातीला नाटकी वाटलं. मग लाल टोपीतल्या एका आडदांड माणसाने हो म्हटलं आणि त्या एका शब्दातच त्याचा घसा भरून आला, निरोप अजून सुरूही झाला नव्हता.

तिसरी मीडियम तरतरीत बाई होती. तिने आमच्याकडे हात केला. "मागे, निळ्या कुडत्यातल्या बाई, मी तुमच्याकडे येऊ का?"

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने वर्गात हजेरी देतात तसं ताठ बसून सांगितलं, "यस."

"एक पुरुष आहेत. नवरा असावा. शेवटी छातीचं दुखणं... हातात वर्तमानपत्र दिसतंय. ते म्हणतात, कपाटातलं सामान आता आवरून टाकलंत तरी चालेल. समजतंय का तुम्हाला?"

"आय अंडरस्टँड," मावशी म्हणाली. मीडियम म्हणाली, त्यांचं प्रेम तुमच्यापाशी ठेवून जाते. आणि पुढच्या माणसाकडे वळली.

परतीच्या वाटेवर मावशीने फळ्यावर लिहावं तसं एकेक सोडवून दाखवलं. "सत्तरीची बाई, एकटी, बरोबर तरुण मुलगी. नवरा गेलेला असणार, गळ्याकडे बघितलं तर आपल्या माणसाला लगेच कळतं, तिला अंदाजाने कळलं. छाती म्हणजे काय? शेवटी सगळ्यांचीच छाती बंद पडते. वर्तमानपत्र न वाचणारा त्या पिढीतला पुरुष दाखव मला. आणि कपाट कुणाचं आवरलेलं असतं?"

"मग आय अंडरस्टँड कशाला म्हणालीस?"

"ती काय करतेय ते समजलं म्हणून." चार पावलं गेल्यावर म्हणाली, "शब्दकोडं तो पेनाने सोडवायचा. खाडाखोड करून करून पान फाडायचा. हे नाही आलं तिला."

पाळीव प्राण्यांच्या दगडांपाशी आम्ही थांबलो. झाडावर कावळे होते, आपल्या कावळ्यांपेक्षा अंगाने मोठे, आवाजही वेगळा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घरातले हात जोडून म्हणतात, धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू, आईला अंतर देणार नाही. मग शिवतो. मी सहज म्हटलं, आपला मीडियम कावळाच की.

"माझ्याकडे तोही नाही आला," मावशी म्हणाली. "देहदान केलं, मग दहावं नाही, तेरावं नाही. बरंच झालं, त्याला तसंच हवं होतं. पण रडायचा दिवस ठरलेला नसला ना, की कुठल्याही दिवशी रडू येतं. मागे बँकेत आलं. पासबुक भरायच्या यंत्रासमोर."

मी काही बोलले नाही. दोन वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी हीलिंग टेंपलमध्ये गेलो, १९५५ ची छोटी पांढरी इमारत. आत बाकं, पुढे ओळीने स्टुलं. आपण स्टुलावर बसायचं, मागे उभा असलेला माणूस खांद्यांवर हात ठेवतो, पाच-दहा मिनिटं, न बोलता. पैसे मागत नाहीत, दानपेटी असते. मावशी म्हणाली मी फक्त बघते. मग म्हणाली, गुडघ्यांसाठी बसून बघते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काही वाटलं?"

"हात गरम होते त्या बाईचे."

दिवस चौथा: शटॉक्वा आणि परत

सकाळी उठले तर मावशी खोलीत नव्हती. खाली येऊन बघते तर हीलिंग टेंपलच्या रांगेत, हातात पर्स, पुढच्या आजीशी गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत उभी. मी दुसऱ्या रस्त्याने तळ्यावर गेले. पाण्यावर कमळं होती, तीच लिली.

दहाला फाटकाबाहेर पडलो. अर्ध्या तासावर शटॉक्वा, तेही असंच मेळाव्याचं ठिकाण, १८७४ चं, पण सभ्य मेथडिस्टांचं: लुइस मिलर आणि जॉन व्हिन्सेंट यांनी रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी काढलेलं. तिथेही फाटक, तिथेही तिकीट, तसेच व्हरांडे, तसंच तळं. फक्त सगळं दहापट मोठं, रंग ताजा, आणि मेलेल्यांऐवजी प्राध्यापक बोलतात. अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या संघटनेची कल्पना याच जागी त्याच उन्हाळ्यात निघाली. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला म्हणून आलेल्या पंडिता रमाबाईंना या देशभरात मदत केली ती अशाच संघटित बायकांनी. मावशीला हे आवडलं. आइस्क्रीम मात्र महाग होतं. दीड तासात निघालो.

परतीचा रस्ता दक्षिणेकडून, जेम्सटाउन, कॉर्निंग, बिंगहॅम्टन. डोंगर, पाऊस, पुन्हा डोंगर. मावशी बराच वेळ झोपली. जाग आल्यावर तिने विचारलं, ही माणसं दरवर्षी येतात का? मी म्हटलं, पुष्कळशी. तीच माणसं, तोच आठवडा.

"जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात," ती म्हणाली. "ती पुढची आजी बावीस वर्षं येतेय. नवऱ्याचा निरोप तिला त्यातल्या तीनदाच आला म्हणाली."

बिंगहॅम्टनच्या अलीकडे चहासाठी थांबलो. थर्मासमधला चहा कोमट झाला होता, खाकऱ्यांचा चुरा. पाऊस थांबलेला. मावशीने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला आणि दाराला धरून उभी राहिली. कट्ट. मग दुसरा, कट्ट.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"वात," मावशी म्हणाली, आणि चहाचा कप मागायला हात पुढे केला.